आधी कळस बघा, मग गाणं निवडा: कराओकेवर क्लासिक रॉक गाऊ पाहणाऱ्या नवख्यांसाठी

कराओकेवर मी गायलेलं पहिलं इंग्रजी गाणं म्हणजे बॉन जोव्हीचं १९८६ सालचं 'लिव्हिन ऑन अ प्रेयर'. ऑफिसची पार्टी होती, गावाबाहेरचं रिसॉर्ट होतं आणि माझ्या अंगात नको तेवढा उत्साह होता. पहिलं कडवं बरं गेलं. ध्रुवपदात मान ताणून का होईना, पोहोचलो. मग गिटारचा तुकडा वाजला, त्यामागून एक-दोन ओळी आल्या, आणि त्या संपता संपता ट्रॅकनं माझा सा उचलून थेट कोमल गंधारावर नेऊन ठेवला. वीस वर्षं ते गाणं ऐकत होतो, पण शेवटी ते असं वर सरकतं हे कधी जाणवलंच नव्हतं. पुढे गाणं संपेपर्यंत मी नेमकं काय केलं ते आठवत नाही. अकाउंट्समधल्या एका मॅडम न बोलता पाण्याची बाटली घेऊन आल्या, एवढं आठवतं.

त्या दिवसापासून मी एकच गोष्ट पाळतो आणि इथे तीच तपशिलात सांगणार आहे. गाणं सुरुवातीवरून निवडायचं नाही, सगळ्यांत अवघड जागेवरून निवडायचं.

हिंदी-मराठी गाण्यांची सवय असलेले आपण मुखडा गुणगुणून बघतो. मुखडा जमला की गाणं जमलं, असा आपला हिशेब असतो. अंतरा वर जातो, पण मुखड्यावर परत येतो आणि आपण सावरतो. रॉक गाण्यांचा स्वभाव पुष्कळदा उलटा. ती खाली, जवळजवळ बोलल्यासारखी सुरू होतात आणि चढत चढत शेवटी अशा ठिकाणी जातात जिथून परतीची वाट नसते. लेड झेपेलिनचं 'स्टेअरवे टू हेवन' (१९७१) आठ मिनिटांचं आहे. पहिली चार मिनिटं त्यात ड्रम्सच नाहीत, गायक कुजबुजल्यासारखा गातो. त्या चार मिनिटांवर भाळून कुणी गाणं निवडलं, तर सातव्या मिनिटाला त्याचं काय होतं ते मी दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा माणसं वेगळी होती, चेहरा मात्र तोच.

स्वतःची पट्टी काढा

यासाठी इंग्रजी संगीताची पुस्तकं लागत नाहीत. आपल्याकडची पेटीची भाषा पुरते. घरात पेटी नसेल तर फोनवर तानपुऱ्याचं किंवा पियानोचं ॲप घ्या. पुरुषांचा सा साधारण काळी एक ते काळी दोनच्या आसपास बसतो, बायकांचा काळी चार-पाचच्या. सा लावा आणि 'आ'कारात एकेक स्वर वर चढा. जिथे गळ्याची शीर ताणली जाते तो स्वर लक्षात ठेवा आणि त्याच्या खालचा स्वर आपली हद्द माना. माझी काळी एक. तार गंधारापर्यंत आवाज मोकळा, मध्यमाला चेहरा बदलतो आणि पंचम फक्त आंघोळ करताना लागतो. म्हणून माझी हद्द तार गंधार. तसंच खालीही उतरून बघा. खर्जात शब्द ऐकू येईनासे होतात ती तुमची खालची कड.

रॉक गाण्यांच्या पट्ट्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या असतात. सी म्हणजे पांढरी एक, डी पांढरी दोन, ई पांढरी तीन, एफ पांढरी चार, जी पांढरी पाच, ए पांढरी सहा, बी पांढरी सात. शार्प किंवा फ्लॅट दिसलं की ती काळी. ब्रायन ॲडम्सचं 'समर ऑफ सिक्स्टी नाइन' डीमध्ये आहे, म्हणजे पांढरी दोन.

पण इथे एक गफलत हमखास होते. पट्टी फक्त सा कुठे आहे ते सांगते, गायक किती वर फिरतो ते सांगत नाही. गन्स अँड रोझेसचं 'स्वीट चाइल्ड ओ माइन' (१९८७) चक्क काळी एकमध्ये आहे. आमच्या भजनी मंडळाची पट्टी! हे कळल्यावर मला केवढा आनंद झाला होता. प्रत्यक्षात त्यांचा गायक ॲक्सल रोझ बहुतेक वेळ वरच्या सप्तकातच वावरतो, आणि मी त्या सप्तकात पाहुणा म्हणूनसुद्धा जात नाही.

गाण्यातल्या तीन जागा तपासा

पहिली जागा कळसाची. गाणं लावा, शेवटच्या तिसऱ्या भागाला या आणि गायक सगळ्यांत वर कुठे जातो ते शोधा. ती एकच ओळ चार-पाच वेळा गा. पूर्ण आवाजात, बाथरूममधल्या दबक्या आवाजात नव्हे. दबक्या आवाजात वरचा स्वर खोट्या आवाजानं लागून जातो आणि माणूस फसतो. शेजारी काय म्हणतील याची चिंता असेल तर गाडीच्या काचा वर करून गा. माझा निम्मा रियाझ सिग्नलला थांबून झालाय.

दुसरी जागा रिकामी. कराओकेत गिटारचा एकल तुकडा वाजतो तेव्हा तुम्ही माइक धरून नुसते उभे असता. घरी ऐकताना तो तुकडा गाण्याचा प्राण असतो, स्टेजवर तीच शिक्षा होते. ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' साडेसहा मिनिटांचं. त्यात शब्द संपल्यावर शेवटची जवळजवळ दोन मिनिटं डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांच्या गिटारी आहेत. दोन मिनिटं म्हणजे किती, हे शंभर लोकांसमोर हात कुठे ठेवायचे ते न कळता उभं राहिल्याशिवाय समजत नाही. काही जण हवेत गिटार वाजवतात. तुम्हाला ते शोभत असेल तर जरूर वाजवा. एरवी शब्द संपले की 'थँक यू' म्हणून माइक ठेवायचा आणि ट्रॅक हळूहळू बंद करायला आधीच सांगून ठेवायचं.

तिसरी जागा लोकांची, म्हणजे सगळ्यांना येणारी ओळ. ती किती वेळानं येते ते घड्याळ लावून बघा. जर्नीचं 'डोन्ट स्टॉप बिलिव्हिन' (१९८१) चार मिनिटं दहा सेकंदांचं आहे आणि ज्या ध्रुवपदासाठी लोक ते ओळखतात ते येतं तीन मिनिटं उलटून गेल्यावर. तोवर सगळा डोलारा तुमच्या एकट्याच्या गळ्यावर, तोही ते गाणारा स्टीव्ह पेरी याच्या उंचीवर. त्या गाण्याच्या बाबतीत कराओकेवाल्यांना दिलासा देणारी एक गोष्ट मात्र खरी आहे. आर्नेल पिनेडा हा फिलिपिन्सचा गायक इतर बँडांची गाणी गायचा, त्याच्या चित्रफिती जर्नीच्या गिटारवादकानं यूट्यूबवर पाहिल्या आणि २००७ मध्ये त्याला थेट जर्नीचा गायक म्हणूनच घेतलं. दिलासा घ्या, पण पहिल्या रात्री ते गाणं घेऊ नका.

पहिल्या रात्रीसाठी गाणी

माझी पहिली शिफारस क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलच्या 'हॅव यू एव्हर सीन द रेन'ची. १९७१ साली हे 'सिंगल', म्हणजे सुटी तबकडी म्हणून आलं. तीन मिनिटांच्या आत संपतं, पांढरी एकमध्ये आहे, मध्ये लांबलचक वादन नाही, दोन कडवी आणि ध्रुवपद. ऊन असताना पडणाऱ्या पावसाचं गाणं आहे, ते श्रावण पाहिलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. गायक जॉन फोगर्टीनं ते बँडमधल्या कुरबुरींवर लिहिलं होतं. सगळं छान चाललेलं असताना आत काहीतरी बिनसलंय, असा त्याचा सूर. त्यामुळे फार हसत गाऊ नये. ध्रुवपद जरा वर जातं. तिथे ताण आला तर पट्टी दोन घरं, म्हणजे पेटीवरचे काळे-पांढरे मिळून दोन स्वर, उतरवा, गाण्याचं काही बिघडत नाही.

दुसरी शिफारस बॉब डिलनचं 'नॉकिन ऑन हेवन्स डोअर' (१९७३). अडीच मिनिटं, मोजके शब्द, पांढरी पाच. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचं म्हणणं आहे, त्यामुळे थकलेला आवाज इथे दोष ठरत नाही. फक्त कुणाचं हवंय ते स्पष्ट सांगा. गन्स अँड रोझेसनं हेच गाणं १९९१ मध्ये केलं. ते पाच मिनिटांच्या वर जातं आणि त्यात आरडाओरडा आहे. ट्रॅक लावणाऱ्याला नुसतं गाण्याचं नाव सांगितलं तर तो जास्त चालणारा ट्रॅक लावतो, आणि तुमच्या नशिबी ॲक्सल रोझ येतो.

ज्यांचा आवाज खालचा आहे आणि ज्यांना 'आपल्याला गाता येत नाही, नुसतं बोलता येतं' असं वाटतं, त्यांनी डीप पर्पलचं 'स्मोक ऑन द वॉटर' घ्यावं. त्यांचा गायक इयन गिलन हा खरं तर किंचाळ्यांचा बादशहा, पण इथे तो चक्क गोष्ट सांगतो. आणि गोष्ट खरी आहे. डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रू इथे फ्रँक झप्पाचा कार्यक्रम चालू असताना कुणीतरी फ्लेअर पिस्तूल झाडलं आणि कॅसिनो जळून गेला. रेकॉर्डिंगसाठी तिथे आलेल्या डीप पर्पलनं तळ्यावर पसरलेला धूर पाहिला. कीर्तनकाराच्या आख्यानासारखं गा, रंग भरतो. शिवाय सुरुवातीचं गिटार वाजताच अर्ध्या हॉलच्या माना वर होतात, त्यामुळे निम्मं काम तुम्ही तोंड उघडायच्या आत झालेलं असतं.

पिंक फ्लॉइडची दोन गाणी. 'विश यू वर हियर' (१९७५) आवाजाला सोपं, बोलण्याच्या जवळचं. पण शब्द सुरू व्हायच्या आधी दीड मिनिट रेडिओची खरखर आणि गिटार. सुरुवात कापलेला ट्रॅक मिळाला तरच घ्या. 'अनदर ब्रिक इन द वॉल'चा दुसरा भाग (१९७९) म्हणजे नवख्याला मिळालेलं वरदान. स्वरांचा पल्ला लहान, कडवं एकच आणि ते दोनदा. दुसऱ्यांदा ते मूळ रेकॉर्डवर लंडनमधल्या इस्लिंग्टनच्या शाळकरी मुलांनी गायलंय. तुमच्याकडे ती मुलं म्हणजे समोर बसलेली मंडळी. माइक त्यांच्याकडे फिरवा आणि श्वास घ्या. गिटारचा तुकडा सुरू झाला की स्टेजवरून उतरा.

'समर ऑफ सिक्स्टी नाइन'बद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे कॉलेजच्या गॅदरिंगपासून लग्नाच्या संगीतापर्यंत ते राष्ट्रगीताच्या खालोखाल आहे. १९८४ च्या अल्बममधलं हे गाणं आपल्याकडे कॅसेट आणि केबल टीव्हीच्या काळात घराघरांत गेलं. त्याचा फायदा असा की तुम्ही अडखळलात तर हॉल तुम्हाला उचलून नेतो. तोटा असा की प्रत्येकाला प्रत्येक शब्द येतो आणि प्रत्येक चूक कळते. कडवी सोपी, ध्रुवपद उंच आणि खरखरीत, मधला तुकडा एकदम वेगळ्या वळणाचा. तो मधला तुकडा न शिकता गेलेले लोक तिथे गप्प होतात आणि हसून वेळ मारून नेतात. तो आधी पाठ करा. मायनस दोन किंवा तीनवर, म्हणजे दोन-तीन घरं खाली, लावून घ्या. (१९६९ च्या उन्हाळ्यात ब्रायन ॲडम्स नऊ वर्षांचा होता. हे वाक्य गाण्याआधी टाकलं की दोन मिनिटं गप्पा रंगतात आणि घशाला आराम मिळतो.)

आणि एकट्यानं उभं राहायचा धीरच होत नसेल तर क्वीनचं 'वुई विल रॉक यू' (१९७७). दोन मिनिटांचं गाणं, शेवटच्या गिटारपर्यंत साथीला फक्त पाय आणि टाळी. धम, धम, टाळी. ट्रॅक बंद पडला तरी अडत नाही. आमच्या सोसायटीच्या कोजागिरीला लाइट गेले होते तेव्हा हे एकच गाणं पूर्ण झालं.

क्वीनबद्दल दोन शब्द

फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बुलसारा. जन्म झांझिबारचा, शाळा मात्र पाचगणीची, सेंट पीटर्स. तिथेच त्यानं मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. त्यामुळे क्वीनवर आपला थोडा घरचा हक्क आहे असं मराठी माणसाला वाटतं, आणि या हक्काच्या भरात 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' (१९७५) निवडली जाते. जवळजवळ सहा मिनिटं, एकही ध्रुवपद नाही, मध्ये अख्खा ऑपेरा. त्या ऑपेरात एकावर एक चढवलेले आवाज आहेत आणि त्यातला सगळ्यांत वरचा स्वर खुद्द फ्रेडीचा नसून ड्रमर रॉजर टेलरचा आहे. ज्या ठिकाणी फ्रेडीनंसुद्धा दुसऱ्याला पुढे केलं तिथे आपण एकट्यानं का जावं? चार-पाच जण मिळून, आवाज वाटून घेऊन, रात्री उशिरा हे गाणं म्हणजे धमाल असते. एकट्यानं, पहिल्या फेरीत, नको.

बायकांसाठी

स्टीव्ही निक्सनं गायलेलं फ्लीटवूड मॅकचं 'ड्रीम्स' (१९७७) घ्या. संपूर्ण गाणं जवळजवळ दोनच कॉर्ड्सवर झुलतं, आवाज खालचा आणि निवांत, कुठेही ओरडायचं नाही. दमदार काही हवं असेल तर जोन जेटचं 'आय लव्ह रॉक अँड रोल'. १९८२ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. मूळ गाणं ॲरोज नावाच्या बँडचं, १९७५ चं. त्यात सुरापेक्षा ठसका महत्त्वाचा, आणि ठसका आपल्याकडे उसना आणावा लागत नाही.

आता एक गंमत. पुरुषांना जी रॉक गाणी अशक्य वाटतात, जर्नीची, बॉन जोव्हीची, ती पुरुषी गळ्याच्या अगदी छतावर गायलेली आहेत. पण ते छत म्हणजे बायकांच्या आवाजाची मधली खोली. त्यामुळे पुष्कळ बायकांना ही गाणी मूळ पट्टीत, एक घरही न बदलता, झेपतात. माझी मावसबहीण 'लिव्हिन ऑन अ प्रेयर' मूळ पट्टीत, शेवटच्या चढासकट, हातात चहाचा कप धरून गाते. मी त्याबद्दल तिच्याशी काही बोलत नाही. उलट डिलन किंवा पिंक फ्लॉइड बायकांना फार खाली पडतात. तिथे चार-पाच घरं वर घ्यावं लागतं.

ट्रॅक बघून घ्या, पट्टी उतरवायला लाजू नका

'कराओके' या जपानी शब्दातला 'कारा' म्हणजे रिकामा, आणि 'ओके' हे ऑर्केस्ट्राचं लघुरूप. कोबे शहरातल्या दाइसुके इनोउए या वादकानं १९७१ मध्ये आपलं यंत्र बनवलं. त्यामागची हकिगत मला फार आवडते. बारमध्ये गिऱ्हाइकांना साथ करणं हे त्याचं काम. एका गिऱ्हाइकाला सहलीत गायचं होतं आणि इनोउएला बरोबर जाणं जमेना, म्हणून त्यानं त्या माणसाच्या गळ्याला झेपेल अशी साथ टेपवर भरून दिली. म्हणजे गाणाऱ्यानं ट्रॅकच्या मागे फरफटत जायचं नाही, ट्रॅकनं गाणाऱ्याला सांभाळून घ्यायचं. तरीही आपल्याकडे 'ओरिजिनल स्केल'वर गाण्याचा हट्ट असतो, जणू पट्टी उतरवली तर अब्रूच उतरली. मोठमोठे रॉक गायक साठीनंतर स्वतःचीच गाणी खालच्या पट्टीत गातात.

यंत्रावर किंवा ॲपवर पट्टीचं बटण असतं. एकदा दाबलं की एक घर, म्हणजे सा आणि कोमल रिषभ यांच्यातलं अंतर. घरी बसून ठरवा: मायनस एक, दोन की तीन. चारच्या पुढे गेलात तर ट्रॅक बोदा वाटायला लागतो, ड्रम्स ओल्या पोत्यावर मारल्यासारखे ऐकू येतात. तेवढं उतरवावं लागत असेल तर ते गाणं तुमचं नाही, दुसरं बघा. ठरलेला आकडा फोनमध्ये लिहून ठेवा आणि ट्रॅक लावणाऱ्याला द्यायच्या चिठ्ठीवर गाण्याच्या नावाशेजारी ठळक लिहा.

यूट्यूबवर एकाच गाण्याचे दहा ट्रॅक सापडतात. त्यातला तुमचा कुठला ते आधी ठरवा आणि दुवा जपून ठेवा. मागचे कोरसचे आवाज असलेला ट्रॅक नवख्याला आधार देतो. काही ट्रॅकमध्ये मुख्य चालही पेटीसारखी बारीक वाजते, रियाझाला उत्तम, स्टेजवर केविलवाणी. मैफलीतल्या रेकॉर्डवरून बनवलेल्या ट्रॅकपासून सावध राहा. 'हॉटेल कॅलिफोर्निया'चं ईगल्सनं १९९४ मध्ये अकूस्टिक गिटारींवर केलेलं रूप लोकांना फार आवडतं, पण त्याची सुरुवातच लांब आणि वेगळी आहे. तुम्ही मूळ गाण्याच्या हिशेबानं श्वास भरता आणि शब्द काही येत नाहीत. घरच्या कार्यक्रमात फोनवरून ट्रॅक लावणार असाल तर तो आधी डाउनलोड करून ठेवा. ऐन ध्रुवपदाआधी पंख्याची जाहिरात लागलेली मी ऐकली आहे.

ताल आणि उठाव

रॉकची बहुतेक गाणी चारच्या हिशेबातली. कान तबल्यावर वाढलेल्या माणसाची टाळी पहिल्या मात्रेवर, समेवर पडते. रॉकमध्ये जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो, स्नेअर ड्रम तिथे कडकतो. तुमचं बोट मांडीवर चुकीच्या मात्रेला पडत असेल तर शब्दही ओढल्यासारखे येतात. आठवडाभर ते गाणं चालता चालता ऐका आणि फक्त दोन-चारवर टिचकी वाजवा. गाऊ नका. हे कंटाळवाणं आहे आणि सगळ्यांत जास्त उपयोगी पडतं.

ओळ नेहमी समेवर सुरू होते असंही नाही, पुष्कळदा ती आधीच उचलावी लागते. पडद्यावर अक्षरं रंगेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. प्रत्येक कडव्याचा पहिला शब्द तरी पाठ हवा.

दादऱ्याची सवय असणाऱ्यांना एक खास गाणं आहे. ॲनिमल्सनं १९६४ मध्ये गाजवलेलं 'द हाउस ऑफ द रायझिंग सन' सहाच्या चालीत झुलतं. आपल्या माणसाला ते एका ऐकण्यात अंगवळणी पडतं. पण कळस बघा, पुन्हा सांगतो. एरिक बर्डन पहिलं कडवं खाली गातो आणि पुढे तीच चाल वरच्या सप्तकात नेतो. तुम्ही ती खालीच ठेवू शकता. गाणं जरा शांत होईल, पडणार नाही.

शब्द

शब्द देवनागरीत लिहून काढा. यात कमीपणा काही नाही. लिहिताना उच्चार कळतात, श्वास कुठे घ्यायचा तिथे दंड मारता येतो. ऐकून पाठ केलेले शब्द दगा देतात, तो दगा इंग्रजांनाही होतो. क्रीडन्सच्याच 'बॅड मून रायझिंग'मधली चंद्र उगवण्याची ओळ असंख्य लोकांना 'उजवीकडे बाथरूम आहे' अशी ऐकू येते, इतकी की फोगर्टी स्वतः कधी कधी मैफलीत मुद्दाम तशीच गातो.

उच्चार मराठी राहिले तर राहू देत. खोटा अमेरिकन हेल काढू नका. तो दुसऱ्या कडव्यात सुटतो आणि मग एकाच गाण्यात दोन माणसं गातायत असं वाटतं. फक्त लांबवायचं ते स्वराला, व्यंजनाला नाही. 'रेन' लांबवायचं तर 'रे' वर थांबा, 'न' वर नाही. आपण नाकात शिरतो ते 'न' वर थांबल्यामुळेच.

त्या रात्री

पहिल्या तिघांत नाव देऊ नका, तेव्हा लोक स्टार्टर मागवत असतात. एखाद्या जबरदस्त गाणाऱ्याच्या लगेच नंतरही जाऊ नका. मधल्या वेळेत जा, आणि घशाला त्रास देणारं काही गायचंच असेल तर ते शेवटी. हा सल्ला माझा नाही, बीटल्सच्या निर्मात्याचा म्हणायला हरकत नाही. ११ फेब्रुवारी १९६३ रोजी बीटल्सनी आपल्या पहिल्या अल्बमची दहा गाणी एका दिवसात रेकॉर्ड केली. जॉन लेननला सर्दी होती, आणि 'ट्विस्ट अँड शाउट' त्याचा गळा फाडणार हे ओळखून जॉर्ज मार्टिननं ते सगळ्यात शेवटी ठेवलं. रेकॉर्डवर ऐकू येतो तो लेननचा दिवसभर वापरून सोललेला आवाज. तसा आवाज एका रात्री एकदाच मिळतो.

माइकची जाळी मुठीत धरू नका, शिट्टी वाजते आणि आवाज डब्यातून येतो. दांडा धरा, तोंडापासून दोन बोटांवर. वरच्या ओळीला माइक वीतभर लांब न्या. सोसायटीत असाल तर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा आहे हे लक्षात ठेवून वेळ मागा. पावणेदहाला साडेसहा मिनिटांचं गाणं मागणारा कुणालाच आवडत नाही.

आणि चिठ्ठीवर नेहमी दोन गाणी लिहा. तुमचं ठेवणीतलं 'समर ऑफ सिक्स्टी नाइन' तुमच्या आधी कुणीतरी म्हणणारच, दर वेळी म्हणतं. माझ्या चिठ्ठीवर दुसरं नाव ठरलेलं असतं: 'हॅव यू एव्हर सीन द रेन', मायनस दोन.